साप, घोंगडी आणि विजेचा दिवा

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५१ साली एक विलक्षण घटना घडली. तेथे बोआ जातीचा एक मोठा साप काचेच्या पेटीत ठेवलेला होता. मूळचा तो उष्ण कटिबंधातला. लंडनच्या थंडीत त्याला ऊब मिळावी म्हणून पेटीत एक लोकरी घोंगडी ठेवली होती. एके दिवशी ती घोंगडी दिसेनाशी झाली आणि सापाचे पोट मात्र फुगलेले दिसले. त्याने ती अख्खी घोंगडी गिळली होती! महिन्याहून अधिक काळ ती त्याच्या पोटात राहिली आणि अखेर एके दिवशी त्याने ती ओकून टाकली.

या घटनेची त्या काळी बरीच चर्चा झाली. साप इतकी मोठी वस्तू कशी गिळू शकतो, गिळलेली लोकर पचत का नाही, असे प्रश्न लोकांनी विचारले. पण एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. मुळात ती घोंगडी सापाला ऊब देत होती का?

हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. घोंगडी ऊब देते हा आपला रोजचा अनुभव आहे. मग एक उष्णतामापक घ्यावा, त्यावरील तापमान वाचावे, तो घोंगडीत चांगला गुंडाळून अर्ध्या तासाने पुन्हा वाचावा. पारा जागचा हललेला नसेल. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही. आतली उष्णता बाहेर जाण्याचा वेग ती कमी करते, एवढेच. आपल्या शरीरात अन्नापासून सतत उष्णता तयार होत असते, म्हणून घोंगडीत आपण उबतो. सापाच्या शरीरात अशी उष्णता फारच थोडी तयार होते. थंड सापाला घोंगडीत गुंडाळले तर तो थंडच राहतो. उलट बाहेर ऊन आले, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचायला उशीर लागतो.

घोंगडी ठेवणारे सेवक निष्काळजी नव्हते. त्यांनी सापाच्या जागी स्वतःला कल्पून पाहिले आणि आपल्याला जे हवेसे वाटते ते सापाला दिले. सापाला स्वतःची गरज काय आहे हे समजायला माणसाला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. काचेच्या पेटीला ऊब कशी द्यावी या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा हा इतिहास आहे. त्यात उष्णतेचे भौतिकशास्त्र आहे, प्राण्यांचे शरीरशास्त्र आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे आलेल्या एका वाक्याची तपासणीही आहे. ते वाक्य म्हणजे, ‘साप हा थंड रक्ताचा प्राणी आहे.’

काचघरातील रोपे आणि साप

साप पाळण्यासाठी काचेची पेटी कोठून आली? ती आली वनस्पतींच्या अभ्यासातून. नॅथॅनियल वॉर्ड हा लंडनमधील एक डॉक्टर. धुराने भरलेल्या त्या शहरात त्याची नेचे जगत नसत. बंद काचपात्रात मात्र ती छान वाढतात असे त्याच्या ध्यानात आले. १८४२ साली त्याने या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. १८४५ मध्ये इंग्लंडमधील काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. मग श्रीमंतांच्या बागेत काचघरे आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात काचपेट्या दिसू लागल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले घर मानले जाते.

अशी घरे तापवण्याची रीतही काचघरांकडूनच उसनी घेतली गेली. एकोणिसाव्या शतकात शेगड्या आणि गरम पाण्याचे नळ वापरून सगळी खोली तापवली जाई. नळाजवळची हवा तापून वर जाते, थंड हवा खाली येते आणि अभिसरणाने खोलीभर तापमान साधारण सारखे होते. रोपांसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण रोप जागचे हलत नाही. ते जेथे आहे तेथे योग्य तापमान असले म्हणजे झाले.

पण साप हलतो. हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही असे नव्हे. त्याला महत्त्व आहे असे कोणाला वाटले नाही. सापाचे तापमान हवेच्या तापमानाइतके असते, तेव्हा हवा तापवली की साप तापला, असा सरळ हिशेब होता. प्रयोगशाळेतही तोच अनुभव येई. सापाला एका तापमानाच्या पेटीत ठेवावे, काही वेळाने त्याचे तापमान मोजावे. ते पेटीइतकेच भरे. यावरून निष्कर्ष निघाला की सापाला स्वतःच्या तापमानावर काहीही ताबा नाही, तो परिस्थितीचा गुलाम आहे.

या निष्कर्षातील उणीव क्षणभर थांबून शोधण्यासारखी आहे. ज्या पेटीत सगळीकडे एकच तापमान आहे, तेथे सापाला निवड करायला वावच कोठे होता? प्रयोगाची मांडणीच अशी होती की तिच्यातून दुसरे उत्तर निघणे शक्य नव्हते.

अजगराची अंडी

दरम्यान एका भारतीय प्राण्याने या समजुतीला धक्का दिला होता. लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने भारतात असताना अजगराच्या मादीला अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेले पाहिले होते. ती अंडी उबवते आणि त्यांना स्वतःची ऊब देते, असे त्याने पॅरिसला परतल्यावर सांगितले. तेथील विज्ञान अकादमीतील तज्ज्ञांनी ते मानले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब देणार कोठून, हा त्यांचा आक्षेप तर्काला धरूनच होता.

पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील प्राणिसंग्रहात एका अजगर मादीने १५ अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसली. अशील व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यांमध्ये उष्णतामापक ठेवून नियमित नोंदी घेतल्या. वेटोळ्यांतील तापमान भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी अधिक भरले. सुमारे दोन महिन्यांनी काही अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली. प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले.

तरीही शंका राहिल्याच. ही ऊब मादीची स्वतःची, की पेटीखालच्या तापवणीची साठवलेली? या वादाचा निकाल १९६६ साली लागला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका अजगर मादीवर हचिसन, डाउलिंग आणि विनेगार या तिघांनी मोजमापे केली. तिचे शरीरतापमान आणि ती किती प्राणवायू वापरते, हे त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना मोजले. भोवतालचे तापमान ३३° सेल्सिअसच्या खाली गेले की मादीचे स्नायू झटके दिल्यासारखे आकुंचन पावू लागत. तापमान जसे उतरे तसे हे झटके वाढत, प्राणवायूचा वापर वाढे आणि तिचे शरीर हवेपेक्षा ४ ते ५ अंशांनी उबदार राही. आपण थंडीत कुडकुडतो तोच हा प्रकार.

सर्वसाधारण सापाला हे जमत नाही आणि परवडतही नाही. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितके अन्न लागते त्याच्या दहाव्या हिश्शावर, किंवा त्याहूनही कमीवर, सापाचे भागते. शरीराची भट्टी सतत पेटती ठेवण्याचा खर्च त्याने वाचवलेला आहे, म्हणूनच तो आठवडे न् आठवडे अन्नावाचून राहू शकतो. ऊब मिळवण्याचा त्याचा मार्ग वेगळा आहे. तो उबेच्या जागी जातो.

जोन प्रॉक्टरचे सर्पगृह

ही गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली जाण्यापूर्वीच एका स्त्रीने ती प्रत्यक्षात आणली. जोन बोचँप प्रॉक्टर हिचा जन्म १८९७ चा. लहानपणापासून तिने सरडे आणि साप पाळले. शाळेत असताना ती मगरीचे एक पिल्लू वर्गात घेऊन गेली होती, अशी हकीकत सांगतात. (शिक्षकांची त्या वेळी काय अवस्था झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो.) आतड्याच्या दीर्घ आजारामुळे तिला विद्यापीठात शिकायला जाता आले नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात काम करत करत ती शिकली. १९२३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख नेमले. हे पद मिळवणारी ती पहिली स्त्री.

त्या वेळी तेथे १८८३ साली बांधलेले दुसरे सर्पगृह वापरात होते. प्रॉक्टरने त्याच्या जागी नवे घर आखले आणि १९२७ मध्ये ते उघडले. जेथे प्रेक्षक उभे राहतात तो भाग अंधारा आणि पेट्या उजळलेल्या, ही मत्स्यालयातील युक्ती तिने येथे आणली. नेहमीच्या काचेतून अतिनील किरण फारसे आत येत नाहीत, म्हणून ते येऊ देणारी खास काच तिने वापरली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल तापवणीचा होता. सगळी इमारत एकसारखी तापवण्याऐवजी निरनिराळ्या पेट्यांना, आणि पेटीतल्या ठराविक जागांना, विजेने वेगवेगळी ऊब देण्याची सोय तिने केली.

वीज ही येथे कळीची गोष्ट आहे. गरम पाण्याचा नळ मोठा असतो. त्याने खोली तापते. विजेचा तापक मात्र हातभर जागेत बसवता येतो, वाटेल तेव्हा चालू किंवा बंद करता येतो. एका दगडावर ऊब पाडावी आणि कोपरा गार ठेवावा, हे विजेमुळे प्रथमच सहज शक्य झाले. प्राण्याला कोठे बसायचे ते ठरवू द्यावे, ही कल्पना ज्या साधनाने साकार होणार ते साधन तोवर हाताशी नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात कल्पना आणि साधन यांची अशी गाठ अनेकदा पडलेली दिसते.

प्रॉक्टरची प्रकृती खालावत गेली. अखेरच्या काळात ती विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून प्राणिसंग्रहालयात फिरत असे. १९३१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

वाळवंटातील उत्तर

प्रॉक्टरने जे अनुभवातून जाणले त्याला प्रयोगांचा आधार अमेरिकेच्या वाळवंटातून मिळाला. वाळवंटातील साप उन्हाचे भोक्ते असणार, असे सर्वांनाच वाटे. कॅलिफोर्नियात मोसावर आणि लेझिअर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की वाळवंटी सापालाही भर उन्हात, सावलीचा आसरा न देता ठेवले तर तो थोड्याच वेळात मरतो. ज्या प्राण्याचे घर वाळवंट आहे तो वाळवंटाच्या उन्हात मरतो! मग तो तेथे जगतो कसा?

रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी याचे उत्तर शोधले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्यांनी उघड्यावर कुंपण घातलेले वाडे केले. त्यांत ऊन होते, सावली होती, बिळेही होती. सरडे आणि साप त्यांत मोकळे सोडले आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, प्राणी हिंडत असताना, त्यांची तापमाने मोजली. १९४४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भोवतालची वाळू पहाटे गार आणि दुपारी भाजून काढणारी असली, तरी हिंडणाऱ्या प्राण्यांची शरीरतापमाने एका बऱ्याच अरुंद पट्ट्यात राहत होती. प्रत्येक जातीचा पट्टा वेगळा होता. काही सरड्यांची पसंती आपल्या शरीरतापमानाच्याही वर होती. सापांची त्याहून कमी, तिशीच्या आसपास. आणि मृत्यूचे तापमान पसंतीच्या तापमानापासून फार दूर नव्हते. चाळिशीच्या थोडे पुढे गेले की संपले.

म्हणजे जे काम आपल्या शरीरात घाम, कुडकुडणे आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण यांनी होते, तेच काम साप चालून करतो. सकाळी उन्हात अंग पसरायचे, पुरेसे तापले की सावलीत सरकायचे, दुपारी बिळात शिरायचे, संध्याकाळी तापलेल्या दगडाला पोट लावून पडायचे. सापाचे तापनियंत्रण त्याच्या वागण्यात आहे. त्याची हालचाल थांबवली किंवा निरर्थक केली, की ते नियंत्रण आपण काढून घेतले.

हे वागणे आपल्याकडेही पाहायला मिळते. हिवाळ्यात सकाळी ऊन चढू लागले की शेताच्या बांधावर धामण अंग सैल सोडून पडलेली दिसते. तीच धामण वैशाखातल्या दुपारी दिसत नाही. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातील ‘थंड रक्त’ मात्र हे सांगत नाही. उन्हात पडलेल्या त्या धामणीचे रक्त आपल्या रक्तापेक्षा फारसे थंड नसतेच.

तापनियंत्रक आणि काही भाजलेली पोटे

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत घरी साप पाळण्याचा छंद वाढला आणि काचेच्या पेटीसाठी तयार साधने बाजारात आली. त्यांतील तापनियंत्रकाची, म्हणजे थर्मोस्टॅटची, कल्पना मात्र बरीच जुनी आहे. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे एकस्व घेतले. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते. हे वाकणे वापरून उष्णतेचा पुरवठा बंद-चालू करता येतो. आपल्या घरातील साध्या विजेच्या इस्त्रीत हीच द्विधातुपट्टी असते.

या साधनांच्या वापरात चुकाही झाल्या. आतून विजेने तापणारे कृत्रिम दगड एके काळी फार खपले. साप अशा दगडावर पडून राहत आणि त्यांचे पोट भाजून निघे. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे अशा जखमा वारंवार येऊ लागल्या. पेटीतली हवा गार, म्हणून साप दगड सोडत नाही. दगडाचा एखादा भाग मात्र प्रमाणाबाहेर तापलेला. निसर्गात दगड उन्हाने तापतो तेव्हा भोवतालची हवा आणि जमीनही तापलेली असते, आणि साप वेळीच बाजूला होतो. येथे उबेची जागा एकच आणि तीही धोक्याची. म्हणजे निवड दिली, पण ती एका वाईट गोष्टीची आणि दुसऱ्या वाईट गोष्टीची.

आज, जेथे कायद्याने परवानगी आहे अशा देशांत, जाणकार लोक पेटी कशी तापवतात? अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचे उदाहरण घेऊ. पेटी लांबट असते. तिच्या एका टोकाला ऊब दिली जाते. तळाखाली साधारण एक तृतीयांश भागात विजेची तापपट्टी किंवा वरून दिवा. त्या टोकाला ३०° ते ३२° सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२° ते २४° असा उतार ठेवतात. तापनियंत्रकाची संवेदक तार साप जेथे प्रत्यक्ष पडतो तेथे बसवलेली असते. वरच्या दिव्याला जाळी असते, नाहीतर साप दिव्यालाच वेटोळे घालतो. तापपट्टीवर भुशाचा जाड थर देत नाहीत. थर जाड असला की ऊब वर पोहोचत नाही, आणि भुसा उकरून खाली गेलेला साप थेट तापलेल्या काचेवर जातो.

आणखी एक गोष्ट, जी नवखे लोक विसरतात. लपण्याची जागा एक नव्हे, दोन हव्यात. एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. लपायची सोय फक्त उबदार टोकाला असेल तर भित्रा साप उकडत असूनही तेथेच बसून राहील. सुरक्षितता की योग्य तापमान, असा पेच त्याच्यापुढे टाकणे म्हणजे निवड पुन्हा हिरावून घेणे.

येथे उष्णता वाहून नेण्याच्या तिन्ही रीती आपल्यासमोर येतात. गरम पाण्याच्या नळांचे काम अभिसरणाने, दिव्याचे प्रारणाने, तापपट्टीचे वहनाने. धडा शिकवताना ही तीन उदाहरणे एकाच प्राण्याभोवती गुंफता येतील.

एकच योग्य तापमान का पुरत नाही

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, सापाला ३०° पसंत आहे हे एकदा कळले, तर सगळी पेटी नेमकी ३०° वर का ठेवू नये? चांगल्या तापनियंत्रकाने हे सहज साधेल.

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर आणखी दोन संशोधनांत आहे. फिलिप रीगल याने १९६६ मध्ये दाखवून दिले की काही सरपटणारे प्राणी पोटभर खाल्ल्यावर अधिक उबदार जागा निवडतात. पाचकरसांचे काम तापमानावर अवलंबून असते. गिळलेले भक्ष्य फार गार शरीरात नीट पचत नाही. ते पोटात कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणजे उपाशी सापाचे आणि जेवलेल्या सापाचे योग्य तापमान एक नाही.

दुसरे संशोधन त्याहून महत्त्वाचे आहे. मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वाळवंटी इग्वाना या सरड्यांना मृत जीवाणू टोचले. ते सरडे नेहमीपेक्षा सुमारे दोन अंश अधिक उबदार जागी जाऊन बसू लागले. आपल्याला ताप येतो तेव्हा शरीर आतून तापते; या सरड्यांनी उन्हाकडे चालत जाऊन ताप आणला! पुढच्या वर्षी त्यांनी जिवंत रोगजंतू टोचलेल्या सरड्यांना ३४° ते ४२° अशा निरनिराळ्या ठरलेल्या तापमानांना ठेवले. ४०° च्या वर ठेवलेल्यांतील बहुतेक जगले, ३४° ला ठेवलेल्यांतील बहुतेक मेले. ताप हा रोगाचा केवळ त्रास नसून रोगाशी लढण्याचे साधनही आहे, हे दाखवणारा तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला. सरड्यांवरील निष्कर्ष प्रत्येक सापाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या पेटीत सगळीकडे एकच तापमान आहे, मग ते कितीही काळजीपूर्वक निवडलेले असो, तेथे आजारी पडलेल्या प्राण्याला ताप आणण्याची सोय नाही.

कोणत्या क्षणी किती ऊब हवी हे बाहेरून आपल्याला कळत नाही. ते सापाला कळते. म्हणून पेटी तापवणाऱ्याचे काम तापमान ठरवण्याचे नाही. तापमानांचा एक सुरक्षित उतार तयार करून देण्याचे आहे. तापनियंत्रक धोक्याची मर्यादा सांभाळतो. खरा तापनियंत्रक पेटीच्या आत सरपटत असतो.

आपल्या वर्गासाठी

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार इथले साप पकडून घरी किंवा शाळेत ठेवणे हा गुन्हा आहे. अजगराला तर पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने, आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत असलेल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचीही तरतूद केली आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणीही साप पाळू नये. साप बघायचा तर तो बांधावर, दुरून. किंवा पुण्याजवळील कात्रजसारख्या ठिकाणच्या सर्पोद्यानात. तेथे सहल नेलीत तर मुलांना सापांची नावे उतरवून घ्यायला लावण्याबरोबर आणखी एक काम द्यावे. सकाळी आणि दुपारी साप कोठे पडला आहे, उन्हात की सावलीत, वेटोळे घालून की पसरून, याची नोंद करायला सांगावे.

वर्गातील प्रयोगाला साप लागतच नाही. माशांची एक रिकामी, दोन-तीन फूट लांबीची काचेची टाकी घ्यावी. एका टोकाला वरून ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा टांगावा. (हल्लीचे एलईडी दिवे फार थोडी उष्णता देतात. का, याची चर्चाही करता येईल.) दिव्याखालून सुरुवात करून समान अंतरावर चार उष्णतामापक ठेवावेत आणि दर दहा मिनिटांनी तासभर वाचन घ्यावे. अंतर आणि तापमान यांचा आलेख काढावा. मग टाकीवर झाकण ठेवून तेच पुन्हा करावे आणि आलेखाचा उतार कसा बदलतो ते पाहावे. शेवटी दिवा काढून, झाकण तसेच ठेवून, टाकी थोडा वेळ उन्हात ठेवावी. सगळीकडचा पारा किती झपाट्याने चढतो हे पाहिले की, महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात बंद काचपेटीतील प्राण्याला थंडीपेक्षा उन्हाचेच भय का अधिक, ते मुलांना सांगावे लागणार नाही. प्रयोगाच्या वेळी शिक्षकाने स्वतः हजर राहावे; दिवा आणि झाकण यांत अंतर ठेवावे; टाकीत पाणी नसावे.

एवढे झाल्यावर मुलांपुढे तो चार उष्णतामापकांचा आलेख ठेवून विचारावे, ‘या टाकीत साप असता तर सकाळी कोठे बसला असता? उंदीर खाल्ल्यावर कोठे? आजारी पडल्यावर?’ उत्तरे वेगवेगळी येतील आणि यायलाच हवीत.

आणि त्यानंतर फळ्यावर ते जुने वाक्य लिहावे, ‘साप हा थंड रक्ताचा प्राणी आहे.’ ते खोडून त्याच्या जागी काय लिहावे हे मुलांनाच ठरवू द्यावे. कदाचित कोणी लिहील, ‘साप आपली ऊब बाहेरून घेतो आणि किती घ्यायची ते स्वतः ठरवतो.’ वाक्य थोडे लांब झाले आहे; परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते गैरसोयीचेही वाटेल. पण १८५१ साली पेटीत घोंगडी ठेवणाऱ्या त्या सेवकाला हे वाक्य ठाऊक असते, तर त्याने घोंगडीऐवजी एका कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली ठेवली असती, आणि दुसरा कोपरा मोकळा सोडला असता.